2.40 चा शेअर 24 ला जाणार, म्हणून आधीच घ्यावा का?

तुमच्याकडे 1,247 शेअर आहेत, भाव 2.40 आहे, कंपनीने दहा शेअरचा एक करायचं, म्हणजे रिव्हर्स स्प्लिट करायचं ठरवलंय. मग भाव 24 होण्याआधी आणखी घ्यावेत का, असं विचारलंय. याच कारणासाठी घेणार असाल तर नका घेऊ.

आज तुमचा माल 2,992 रुपये 80 पैशांचा. रिव्हर्स स्प्लिटनंतर 124 शेअर, भाव 24, म्हणजे 2,976. दर्शनी मूल्य, म्हणजे कागदोपत्री ठरलेली शेअरची मूळ किंमत, 1 चं 10 होईल. उरलेल्या सात शेअरचा नवा अख्खा शेअर होत नाही. असे तुकडे बहुधा एकत्र विकून पैसे खात्यात जमा करतात. तुमचे साधारण 16.80. सुट्टे देऊन नोट घेतली, एवढंच.

खरं बघायचं ते कंपनी हे का करतेय. अमेरिकेत नॅसडॅक या शेअर बाजारावर भाव सलग 30 कामकाजाचे दिवस एका डॉलरखाली राहिला की यादीतून काढण्याच्या इशाऱ्याची नोटीस येते, म्हणून तिथे हा बऱ्याचदा जीव वाचवायचा उपाय असतो. दुबळ्याच कंपन्या करतात असं मात्र नाही. जीईने (जनरल इलेक्ट्रिक) 2021 मध्ये आठाचा एक केला. सिटीग्रुप या बँकेने मे 2011 मध्ये दहाचा एक केला, भाव साडेचार डॉलरचा पंचेचाळीसच्या आसपास दिसू लागला आणि त्याच वर्षी तिशीखाली आला. आपल्याकडे एक रुपयाखालचे शेअरही वर्षानुवर्षं चालतात. म्हणून इथे कंपनी सांगते ते कारण दोनदा वाचा.

आणि कॅपिटल रिडक्शनशी, म्हणजे कंपनीच्या भांडवल कपातीशी, गल्लत करू नका. रुची सोयाच्या दिवाळखोरी प्रक्रियेत 100 शेअरचा एक झाला, पण दर्शनी मूल्य 2 रुपयेच राहिलं, आणि नवे शेअर काढून जवळपास 99 टक्के हिस्सा पतंजली समूहाकडे गेला. तिथे जुन्या भागधारकाचा वाटाच आटला. तुमच्या कंपनीच्या नोटिशीत दर्शनी मूल्य दहापट होतंय ना, ते आधी तपासा.

माझा एक किस्सा. अशाच एका फुटकळ कंपनीचे शेअर होते. सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये, एका हाताने दांडी धरून, अ‍ॅप उघडलं तर होल्डिंग शून्य! ठाण्यापर्यंत घाम फुटला. रिव्हर्स स्प्लिटमुळे शेअरचा ओळख क्रमांक (आयएसआयएन) बदलला होता. नवे शेअर जमा व्हायला काही दिवस गेले, तोवर विकता येईना. जमा झाले तेव्हा अ‍ॅपने खरेदीभाव जुनाच धरून नऊशे टक्के नफा दाखवला. बायकोला स्क्रीनशॉट पाठवून बसलो होतो, काय सांगू.

ट्रेडिंग करत असाल तर जुन्या भावाचे स्टॉपलॉस (तोटा रोखायला ठरावीक भावाला विकायची ऑर्डर) आणि जीटीटी (ठरलेला भाव येईपर्यंत थांबणारी ऑर्डर) स्वतः काढून नव्या भावाने लावा. शेअर कमी झाले की रोजची उलाढालही आकड्यात रोडावते, खरेदी-विक्रीच्या भावातली फट बघूनच ऑर्डर टाका. करासाठी खरेदीची मूळ तारीख आणि एकूण खर्च तोच राहतो, फक्त प्रतिशेअर दहापट होतो. जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने दिलेली खरेदीची पावती, आजच शोधून ठेवा. रेकॉर्ड डेटनंतर (कोणाकडे किती शेअर आहेत ते कंपनी ज्या दिवशी धरते तो दिवस) अ‍ॅपमधल्या आकड्यावर मी तरी विसंबत नाही.