आधी पिस्तुलाची परीक्षा, मग हाताची

प्रश्न : काका, मी खानापूरची, अकरावीत आहे. 10 मीटर एअर पिस्तुल खेळते. क्लबच्या जुन्या पिस्तुलावर 40 छर्‍यांत 400 पैकी 350 च्या आसपास गुण व्हायचे. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून मला नवीन पिस्तुल घेतलं, पण त्यावर 340 सुद्धा होत नाहीत. छर्रे डावीकडे खाली जातात. सर म्हणतात साइट (नेम धरायची खूण) फिरव, बाबा म्हणतात परत पाठवू. काय करू?

उत्तर : बाळ, सगळ्यात आधी साइटच्या स्क्रूवरचा हात काढ. दोष कुठं आहे ते कळायच्या आधी साइट फिरवलीस तर तो दोष झाकला जाईल आणि पुढं सापडणार नाही.

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत 24 वर्षं काढली. त्यातली बरीचशी बेळगावच्या सेंटरमध्ये, रिक्रुटांना फायरिंग शिकवण्यात. "उस्ताद, हत्यार डावीकडे मारतंय," असं कुणी म्हणालं की मी ती रायफल आणखी दोघांना द्यायचो. एकाच्याच गोळ्या डावीकडे गेल्या तर माणूस, तिघांच्याही गेल्या तर हत्यार. एकदा खरंच तिघांच्याही गेल्या. पुढची साइट ढिली निघाली, आणि त्या पोराला मी सकाळी सगळ्यांसमोर बोललो होतो. त्याची रुखरुख मला आजही आहे. म्हणून तुझ्या बाबांचं म्हणणं मी उडवून लावत नाही.

आता परीक्षा. ती रेंजवरच घ्यायची, परसात नाही. जुन्या जाड कापडाच्या दोन पिशव्या शिवून त्यात चाळलेली कोरडी वाळू भर. मलप्रभा तुमच्या गावातूनच वाहते, वाळूला तोटा नाही. टेबलासमोर बसून मनगट आणि मुठीचा तळ पिशवीवर टेकव. नळी किंवा तिच्याखालचा हवेचा सिलिंडर मात्र कशालाच टेकू देऊ नकोस, नाहीतर छर्रा भलतीकडे जातो. एका कागदावर 10 छर्रे, असे तीन कागद. पाचच छर्रे मारून निकाल लावू नकोस, पाच फसवतात. मग तेच तीन कागद सरांना मारायला लाव.

कागदावरचं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलीमीटरचं आणि छर्रा 4.5 चा. टेकून मारलेले दहाही छर्रे एका फाटक्या भोकात गेले, ते भोक दहाच्या वर्तुळात मावेल एवढं असलं, तर नळी चांगली आहे. भोक मधे नसून बाजूला असलं तरी घाबरू नकोस, तेवढं साइटनं जुळतं. पिस्तुलाच्या पेटीत कारखान्यात मारलेलं टेस्ट कार्ड असेल तर ते शेजारी ठेवून बघ. छर्‍याच्या डबीवर 4.49, 4.50 असे जाडीचे आकडे (मिलीमीटरमध्ये) असतात. दोन्ही मारून बघ, एकाच नळीला एक मानवतो, दुसरा मानवत नाही.

टेकून छर्रे एकत्र पडतात आणि उभ्यानं मारताना डावीकडे खाली विखुरतात, असं दिसलं तर तो ट्रिगर ओढतानाचा झटका आहे. तू उजव्या हाताची असशील तर बहुधा हेच निघेल. नवीन पिस्तुलाची मूठ वेगळी, ट्रिगरवर बोट टेकण्याची जागा वेगळी. ट्रिगरचं वजन 500 ग्रॅमच्या खाली चालत नाही, तेही वजन अडकवून तपास. फार हलका किंवा क्लबच्या पिस्तुलापेक्षा बराच जड असला तरी हात बिचकतो.

टेकूनही छर्रे दोन वेगळ्या पुंजक्यांत पडले तर साइट किंवा नळी हलते आहे. उभ्या रेषेत पडले तर हवेचा दाब कमीजास्त होतोय. छर्रा सेकंदाला साधारण 150 मीटर जातो आणि कागदापर्यंत दोनेक सेंटिमीटर खाली येतो. वेग 10 मीटरनं घटला तर आणखी तीनेक मिलीमीटर खाली. काठावरचा दहा तेवढ्यानं नऊ होतो.

सिलिंडर 200 बारपर्यंत भर, पूर्ण थंड झाल्यावर दाबाचा काटा कितीवर आहे ते लिहून ठेव आणि सकाळी पुन्हा बघ. भरताना तो तापतो, त्यामुळं निवल्यावर काटा थोडा उतरणारच, ती गळती नव्हे. आपल्याकडचा पाऊस तुला सांगायला नको. हातपंपानं भरलीस तर दमट हवेतलं पाणी आत जातं, तेव्हा जून ते सप्टेंबर कोरड्या हवेच्या टाकीवरूनच भर. आणि जोडावर साधं तेल कधीही लावू नकोस. एवढ्या दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं.

नेम बरोबर निघाला तरी भरवसा ठरायचा राहतोच. 2021 मध्ये टोकियोत पात्रता फेरी चालू असतानाच मनू भाकरचं पिस्तुल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. याच प्रकारात तिनं 2024 मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं. म्हणून पहिले 500 छर्रे वहीत मांड. लिव्हर अडकला, ट्रिगर दाबूनही सुटलं नाही, आवाज वेगळा आला, तर कितवा छर्रा आणि काटा कितीवर, ते लिही. एकदा अडकलं तर लक्ष ठेव. पुन्हा पुन्हा तसंच झालं तर वॉरंटीच्या मुदतीतच परत पाठवा. दुकानदारासमोर ही वही आणि कागद ठेवले की बाबांना वाद घालावा लागणार नाही.

तोवर बाबांना सांग, पंधरा दिवस थांबा. आणि बेळगावला येशील तेव्हा ते सहा कागद घेऊन ये. प्रत्येकावर तारीख, छर्‍याचा आकडा आणि मारणार्‍याचं नाव हवं. घडी घालू नकोस, भोकं मोजता येत नाहीत.