सायनसचा एमआरआय करायला सांगितलाय, आई घाबरलीय

प्रश्न: माझी आई 58 वर्षांची आहे, शुगर आहे. बरेच दिवस एकाच बाजूचं नाक चोंदतंय आणि गाल ठणकतो. सीटी स्कॅन झाला, आता नाक-कान-घशाचे डॉक्टर कॉन्ट्रास्टवाला एमआरआय करा म्हणतात. शेजारचे म्हणतात, सीटी झालाय तर परत खर्च कशाला? आईला बंद मशीनची भीती वाटते, दातांना कॅप आहेत आणि मंगळसूत्र काढायला ती तयार नाही. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, एमआरआय टाळू नका. साध्या सायनससाठी तो लागत नाही, तिथे सीटीच बरा, कारण हाड त्यात नीट दिसतं. पण त्रास एकाच बाजूला आणि त्यात शुगर, म्हणजे आत नुसता शेंबूड साठलाय, बुरशी आहे की गाठ, आणि ते डोळ्याकडे किंवा मेंदूकडे सरकतंय का हे बघावंच लागतं, आणि ते एमआरआयमध्ये जास्त चांगलं कळतं. 2021 मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराचे, किती पेशंट आले आठवतंय ना, त्यात शुगरवालेच जास्त होते. सीटीची सीडी मात्र न विसरता सोबत न्या, कारण वाळलेली बुरशी एमआरआयमध्ये कधीकधी काळी दिसते, अगदी हवेसारखी, आणि फसवते.

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, चुंबक असतं, आणि ते स्कॅन चालू नसतानाही चालूच असतं. 2018 च्या जानेवारीत मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर नेला, चुंबकाने तो खेचला आणि तो घेऊन जाणाऱ्या नातेवाइकाचा जीव गेला. म्हणून मंगळसूत्र, जोडवी, नथ, केसातल्या पिना, साडीची सेफ्टी पिन सगळं घरीच काढून ठेवा, आईंना प्रेमाने समजवा पण इथे ऐकू नका. तुम्ही आत थांबणार असाल तर तुम्हालाही हेच लागू. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूच्या ऑपरेशनची क्लिप, दंडावरचा शुगरचा सेन्सर, किंवा कधी वेल्डिंग-ग्राइंडिंग करताना डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, काहीही असेल तर आधीच सांगा, कितीही जुनं असलं तरी. दातांच्या कॅपने सहसा धोका नसतो, पण त्या भागातलं चित्र थोडं बिघडू शकतं, म्हणून सांगायचं. कवळी असेल तर काढायची.

कॉन्ट्रास्ट म्हणजे चित्र जास्त स्पष्ट दिसावं म्हणून देतात ते गॅडोलिनियमचं इंजेक्शन. शुगर असल्याने किडनीसाठी क्रिएटिनिनचा रिपोर्ट जवळ ठेवा, आधी कधी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी आली असेल तर तेही बोला, आणि शुगरची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, सेंटरला विचारा. उपाशी राहायचं का हेही तिथेच विचारा.

भीतीचं म्हणाल तर डोकं मशीनच्या आत जातं आणि चेहऱ्यावर जाळीसारखी कॉइल येते, हे आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी दिसलं की माणूस जास्त घाबरतो. साधारण अर्धा तास ठकठक आवाज येतो, कानात बोळे देतात, हातात दाबायचा बल्ब असतो, तो दाबला की मशीन चालवणारे लोक लगेच बोलतात. आधी नाक शिंकरून घ्यायचं आणि डोकं हलवायचं नाही, हललं की फोटो पुसट होतात आणि परत काढावे लागतात. फारच भीती असेल तर डॉक्टरांशी गुंगीच्या औषधाबद्दल बोला.

रिपोर्टमध्ये ‘म्युकोसल थिकनिंग’ (म्हणजे सायनसच्या आतलं अस्तर जाड होणं) दिसलं तर लगेच गूगल करू नका, काहीच त्रास नसलेल्या माणसातही ते दिसतं. पण डोळ्याला सूज, दोन-दोन दिसणं, गाल बधिर होणं किंवा नाकात काळी खपली, यातलं काही दिसलं तर स्कॅनच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.