तळ्याच्या पाण्यात कीटकनाशक आढळले नाही, तरी गाळ तपासण्याची गरज असते का?

होय. डीडीटीसारखी क्लोरीनयुक्त कीटकनाशके पाण्यात जेमतेम विरघळतात, परंतु सेंद्रिय पदार्थांना घट्ट चिकटून कणांबरोबर तळाशी बसतात. त्यामुळे पाण्याचा नमुना निर्दोष ठरला तरी त्याखालचा काळा, मऊ गाळ वर्षानुवर्षे विषाचा साठा बाळगून असू शकतो.

कॅलिफोर्नियातील क्लिअर लेकचे उदाहरण बोलके आहे. तेथे चिलटांचा उपद्रव (ती चावतही नसत!) आवरण्यासाठी 1949, 1954 आणि 1957 मध्ये डीडीडी हे डीडीटीच्याच कुळातील कीटकनाशक सोडण्यात आले. पाण्यातील मात्रा दशलक्ष भागांत सुमारे 0.02 भाग, म्हणजे नगण्यच वाटावी अशी होती. मात्र प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), मासे आणि मासे खाणारे पक्षी अशा साखळीतून चढत गेलेले हे रसायन मेलेल्या ग्रीब पक्ष्यांच्या चरबीत दशलक्ष भागांत 1600 भागांपर्यंत आढळले.

गाळातून ही साखळी सुरू होते ती तेथेच राहून तो खाणाऱ्या अळ्या आणि कृमींपासून. शिवाय वादळाने किंवा उपशाने गाळ ढवळला गेला की त्यातील काही रसायन पुन्हा पाण्यात उतरते. प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना मात्र केवळ कीटकनाशकाचा आकडा पाहू नये. सेंद्रिय कार्बन भरपूर असलेल्या गाळात तेच प्रमाण जीवांना कमी उपलब्ध असते, आणि वाळूसारख्या गाळात अधिक घातक ठरू शकते.