तोच शनिवार : मुलाला भरलेला, तुम्हाला मोकळा

प्रश्न : येत्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे सॅन डिएगोला जातोय. सहा वर्षांच्या नातीला घेऊन डिस्नेलँडला जायचं ठरलंय. मुलाकडे वर्षाचा पास आहे, त्याला ॲपवर शनिवारचं रिझर्व्हेशन मिळत नाही. आमच्यासाठी एक दिवसाचं तिकीट पाहिलं, तर तोच शनिवार मोकळा दिसतो. सून म्हणते, तारीख मिळतेय म्हणजे गर्दी नसणार, तुम्ही आम्ही शनिवारीच जाऊ, मुलाचंही तिकीट काढू. पण हिच्या गुडघ्यांना रांगेत उभं राहणं झेपत नाही. नक्की काय समजायचं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काका, शनिवारी जाऊ नका. मंगळवार-बुधवार गाठा. का ते सांगते.

मी बावीस वर्षं कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनला राहते. डिस्नेलँड माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. भारतातून येणाऱ्या आई-बाबांना, मावश्यांना, भाचरांना तिथे नेण्याचं काम माझं. सूनबाईंनी काढला तोच अर्थ सुरुवातीला मीही काढायची, आणि माझी आई भर उन्हात रांगेत उभी राहिली होती. ते मला अजून लागतं.

तिथल्या रिझर्व्हेशनला आपल्या रेल्वेचा कोटा समजा. जनरल कोटा संपला तरी तत्काळमध्ये जागा असतात, आणि त्यावरून गाडीत किती माणसं चढणार हे काही कळत नाही. डिस्नेलँडमध्ये पासवाल्यांच्या जागा वेगळ्या आणि दिवसाच्या तिकीटवाल्यांच्या वेगळ्या असतात. मुलाचा कोटा संपलाय, तुमचा शिल्लक आहे, एवढंच ॲप सांगतंय. यावरून कोर्टकज्जाही झाला. २०२१ मध्ये १,३९९ डॉलरचा ‘ड्रीम की’ पास निघाला. त्याला कुठलीही तारीख बंद नाही अशी जाहिरात होती. पासवाल्यांना रिझर्व्हेशन मिळेना, आणि त्याच दिवसांची तिकिटं मात्र विकली जात होती, अशी तक्रार एका पासधारकाने केली. २०२३ मध्ये कंपनीने ९५ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं.

आता गर्दीचं. रिझर्व्हेशन माणसाला एकदाच मोजतं, मग तो सकाळी आठला येऊन मध्यरात्री जावो, नाहीतर ऑफिस सुटल्यावर तीन तासांसाठी येवो. आमच्या भागात पासवाले हजारोंनी राहतात. ते संध्याकाळी येतात, जेवतात, आतषबाजी पाहतात आणि घरी जातात. त्यामुळे ‘भरलेल्या’ दिवशीही सकाळी नऊला आत ऐसपैस असतं, आणि सातला मेन स्ट्रीटवर, म्हणजे प्रवेशापासूनच्या मुख्य रस्त्यावर, बाबागाडी पुढे सरकत नाही. काहीजण रिझर्व्हेशन करून येतच नाहीत. पासवाल्यांनी ९० दिवसांत तीनदा असं केलं तर ३० दिवस नवीन रिझर्व्हेशनला बंदी, असा नियमच करावा लागला, यावरून काय ते ओळखा.

शिवाय रिझर्व्हेशन असतं ते पहिल्या पार्कचं. समोरासमोर दोन पार्क आहेत, डिस्नेलँड आणि कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर. हॉपर, म्हणजे एकाच दिवशी दोन्ही पार्कचं, तिकीट असलेला माणूस इकडून तिकडे जातो. २०२१ मध्ये ही मुभा दुपारी एकनंतर होती, फेब्रुवारी २०२३ पासून सकाळी अकरापासून झाली. म्हणजे एका पार्कसाठी कितीही काटेकोर आकडा ठरवला, तरी दुपारी आत किती माणसं असतील ते त्या आकड्यावर राहत नाही.

आणि तुमच्या पायांना कळते ती गर्दी तर वेगळ्याच गोष्टीवर ठरते. समजा, एखाद्या राइडवर तासाला १,००० माणसं बसतात आणि रांगेत ५०० उभी आहेत. शेवटच्याला अर्धा तास लागेल. मॅटरहॉर्न नावाचा तिथला बर्फाचा डोंगर १९५९ पासून आहे, त्याच्या पोटात राइडच्या गाड्यांचे दोन वेगवेगळे रूळ आहेत. एक बंद पडला की माणसं तेवढीच, रांग तेवढीच, पण थांबायचा वेळ दुप्पट. गेटवर एकही माणूस वाढलेला नसतो! २०२३ च्या एप्रिलमध्ये ‘फँटास्मिक’ या रात्रीच्या खेळातल्या ड्रॅगनला आग लागली आणि तो खेळ वर्षभराहून जास्त बंद राहिला. एरवी हा खेळ पाहायला पार्कमधल्या नदीकाठी ठिय्या मारून बसणारी ती सगळी माणसं त्या वर्षी रात्री राइडच्या रांगांत असायची. म्हणून मी तारीख ठरवताना कुठल्या राइड दुरुस्तीसाठी बंद आहेत ती यादी आधी उघडते, रिझर्व्हेशनचं पान नंतर.

तुमच्या नातीसाठी हेच सूत्र वापरा. पीटर पॅनच्या राइडमध्ये छोटी जहाजं आहेत, एकेकात दोन-तीन माणसं मावतात. तिथे कुठल्याही दिवशी रांग लागते, म्हणून दार उघडल्या उघडल्या आधी तिथे जा. ‘पायरेट्स’ या समुद्री चाच्यांच्या राइडमधल्या एका होडीत मात्र वीसेक माणसं बसतात आणि होड्या एकामागून एक येत राहतात. तिची रांग बाहेरपर्यंत आलेली दिसली तरी घाबरू नका, ती भराभर सरकते. दुपारी ती ठेवा, आत गारही असतं. काकूंसाठी प्रवेशाजवळ व्हीलचेअर भाड्याने मिळते. माझ्या आईने पहिल्यांदा ‘मी काय आजारी आहे का’ म्हणून नाही म्हटलं होतं. दुसऱ्या वेळी घेतली, आणि त्या दिवशी तिने पहिल्यांदा आतषबाजी पाहिली.

मे महिन्याची एक अडचण आहे. बारावी संपवणाऱ्या मुलांसाठी मे-जूनमध्ये काही दिवस ‘ग्रॅड नाइट’ असतात. कार्यक्रम रात्री कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरमध्ये असतो, पण शाळांच्या बस दिवसाच येतात, आणि त्या आठवड्यातल्या मधल्या वारीही असतात. त्या तारखा आधी पाहून टाळा. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे येतो, तो जोडून आलेला शनिवार-रविवार तर सोडूनच द्या.

प्रश्न : डिस्नेलँडने आत घ्यायच्या माणसांची मर्यादाच निम्मी केली तर रांगा निम्म्या होणार नाहीत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ते आम्ही प्रत्यक्ष पाहिलं. कोरोनामुळे वर्षाहून जास्त बंद राहून डिस्नेलँड ३० एप्रिल २०२१ ला उघडलं, तेव्हा राज्याच्या नियमाने २५ टक्केच माणसं आत घ्यायची होती, तीही फक्त कॅलिफोर्नियाची. मी मेमध्ये गेले. रस्ते इतके मोकळे मी कधी पाहिले नव्हते, चालताना गलबलून आलं. पण राइडच्या गाड्यांत बसायच्या मधल्या ओळी रिकाम्या ठेवून माणसं बसवत होते. परेड नव्हती, आतषबाजी नव्हती, म्हणजे थोडी का होईना, जी माणसं होती ती सगळी राइडकडेच वळत होती. सहा-सहा फुटांवर खुणा केलेल्या, त्यामुळे रांगा दाराबाहेर वळसे घालत गेलेल्या. माणसं चौथा हिस्सा, पण माझं थांबणं चौथा हिस्सा झालं नाही. काही ठिकाणी नेहमीइतकंच थांबले.