खाजनावरच्या पुस्तिकेत गूगल अर्थचे चित्र छापता येईल का?

बांध फुटून गोव्यातल्या तुमच्या गावच्या खाजनात (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल शेतात) खारे पाणी शिरले. ते दाखवणारी पुस्तिका काढायची आहे, त्यात गूगल अर्थचे चित्र चालेल का, नाही तर दुसरे कुठून आणायचे, असे तुम्ही विचारले आहे.

चित्र आहे तसे छापणार असाल तर कोपऱ्यातली श्रेयाची बारीक ओळ कापू नका. (डिझायनर ती हमखास कापतो.) पण त्या चित्रावरून बांध, मानस (बांधातले पाण्याचे दार) आणि शेतांच्या हद्दी गिरवून स्वतःचा नकाशा काढायला गूगलच्या अटींत मनाई आहे, आणि तुम्हाला तेच करायचे आहे असे दिसते. गिरवायचेच असेल तर ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशात गिरवा. तिथे मायक्रोसॉफ्टच्या बिंगची हवाई चित्रे वापरायची परवानगी आहे. तयार झालेला नकाशा मग श्रेय देऊन खुशाल छापा.

पाणी दाखवायला मी स्वतः सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रे वापरतो. २०१५ पासूनची ही युरोपची चित्रे कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर फुकट मिळतात. छापा, गिरवा, पुस्तिका विका, फक्त ‘सुधारित कोपर्निकस सेंटिनेल डेटा’ आणि वर्ष लिहा. चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर १० मीटरचा, म्हणजे फुटबॉलचे अख्खे मैदान दहा बाय सात ठिपक्यांत संपते. मानस दिसायची आशा सोडा. पाणी कुठवर पसरले ते मात्र आठव्या बँडमध्ये (डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या चित्रात) छान कळते: पाणी काळे, हिरवे पीक उजळ.

इथे मी एकदा तोंडघशी पडलो आहे. दोन वर्षांची चित्रे शेजारी लावून ‘बघा, पाणी किती वाढले’ म्हणून दाखवत होतो. मागून एका म्हाताऱ्या गांवकाराने विचारले, “त्या दिवशी भरती होती काय?” भरती-ओहोटीचे कोष्टक काढले. एक चित्र भरतीचे, दुसरे ओहोटीचे! हा उपग्रह आपल्याकडे नेहमी सकाळी अकराच्या सुमारास येतो, भरती काही घड्याळ बघून येत नाही. तेव्हा तारखा निवडताना कोष्टक जवळ ठेवा.

जुलैची चित्रे शोधत बसू नका, सगळे ढगच मिळतील. पावसाळ्यातले पाणी हवेच असेल तर सेंटिनेल-१ चे रडार ढगांतूनही बघते; चित्र करड्या रंगाचे आणि खरखरीत येते इतकेच.

बांध धड होता तेव्हाचे चित्र लँडसॅट-५ या जुन्या अमेरिकी उपग्रहाच्या चित्रांत शोधा. १९८४ पासूनचे आहे, ठिपका ३० मीटरचा, २००८ पासून फुकट. इस्रोचे हवे असेल तर भूनिधी पोर्टलवर नाव नोंदवा, तिथल्या लिस-४ या उपग्रह-कॅमेऱ्याचा ठिपका ५.८ मीटरचा आहे.

फुटलेली जागा जवळून दाखवायला शेवटी ड्रोनच लागेल. पैसे देण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशात गाव लाल (बंदी), पिवळ्या (परवानगी लागते) की हिरव्या (मोकळ्या) पट्ट्यात येते ते बघा. दाबोळीला नौदलाचा तळ आहे आणि आता मोपाचा विमानतळही आहे.