पहिल्यांदाच नर्मदाकाठी जीवाश्म शोधायला निघताय?

जरूर जा, फक्त दिवाळीच्या सुट्टीत नको. तेव्हा पाणी बरंच असतं. काठ नीट उघडा पडतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. मुक्काम मध्य प्रदेशातल्या नर्मदापुरमला (जुनं होशंगाबाद) करा. १९८२ साली आदिमानवाची कवटी सापडलेलं हथनोरा तिथून जवळ आहे.

नवखी माणसं दिसेल तो गुळगुळीत गोटा पिशवीत भरत सुटतात. त्यापेक्षा एकाच जागी अर्धा तास बसा. वाळू-गोट्यांच्या घट्ट थरातून निखळून पडलेले तुकडे हातात घेऊन बघा. जीवाश्म झालेलं हाड आकाराच्या मानाने जड लागतं आणि मोडलेल्या कडेला पावासारखी बारीक जाळी दिसते. ती जाळी एकदा ओळखता आली की नजर आपोआप बसते.

एवढं मात्र पाळाच:

- थरात रुतलेलं काही दिसलं तर उकरू नका. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, जागा मोबाइलवर नोंदवा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेतल्या अभ्यासकांना कळवा. कुठल्या थरातलं हे कळलं नाही, तर त्या हाडाची अर्धी गोष्टच गेली.
- उभ्या दरडीखाली बसू नका.
- वरच्या धरणातून पाणी सुटणार आहे का, हे गावात विचारूनच पात्रात उतरा.

हातोडी घरीच ठेवा. पहिल्या खेपेला वही पुरते.