सर्जनच्या सरावासाठी अवयव बायोप्रिंट करतात म्हणजे नेमकं काय करतात? प्लास्टिकचा साधा थ्रीडी प्रिंट का चालत नाही? या संशोधनात यायचं तर काय शिकावं?

प्लास्टिकचा प्रिंट चालतो, पण अर्ध्याच कामाला. सीटी किंवा एमआरआयवरून छापलेलं कडक हृदय हातात घेतलं की छिद्र कुठे आहे, रक्तवाहिनी कुठून वळते, हे सर्जनला दिसतं. जन्मजात हृदयदोषांच्या अवघड शस्त्रक्रियांआधी असे प्रिंट वापरलेही जातात. पण त्यावर सुरी चालत नाही, टाका पडत नाही. धागा किती ओढला की ऊती फाटेल हे बोटांनाच कळतं, आणि बोटांना सराव हवा असतो. मी पुण्यात हायड्रोजेलच्या (पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जेलच्या) छपाईवर पीएच.डी. करतेय, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे.

खरी अडचण अशी, की ऊतीइतका मऊ पदार्थ हवेत छापला तर तो स्वतःच्याच वजनाने बसतो. चार थर चढेपर्यंत खालची भिंत पसरलेली असते. यावर पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अ‍ॅडम फाइनबर्ग यांच्या गटाने तोडगा काढला आणि २०१५ साली तो ‘फ्रेश’ या नावाने प्रसिद्ध केला. छपाई हवेत करायचीच नाही, जिलेटिनच्या बारीक कणांच्या लगद्यात करायची. प्रिंटरची सुई पुढे सरकताना लगदा वाट देतो, ती गेली की पुन्हा मिटतो, आणि सुईतून आलेली धार हेअर जेलमध्ये अडकलेल्या बुडबुड्यासारखी जिथल्या तिथे राहते. शाई, म्हणजे छापायचा पदार्थ, अल्जिनेटची असेल तर लगद्यात कॅल्शियम मिसळतात. ते लागताक्षणी शाई घट्ट होते. (अल्जिनेट समुद्री शेवाळातून मिळतं. दातांचं माप घ्यायला डेंटिस्ट जो लगदा तोंडात धरायला लावतात, त्यातही तेच असतं.) छपाई संपली की भांडं ३७ अंश सेल्सिअसवर न्यायचं. जिलेटिन वितळून जातं आणि मॉडेल मोकळं होतं. मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे तापमान. ते शरीराचंच असल्यामुळे शाईत पेशी असल्या तरी त्यांना इजा होत नाही.

२०२० मध्ये याच गटाने एमआरआयच्या माहितीवरून प्रौढ माणसाचं पूर्ण आकाराचं हृदय अल्जिनेटमध्ये छापलं. ते कापता येतं, शिवता येतं. हृदयधमनीचा एक भाग छापून त्यातून द्रवही वाहवून दाखवला.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगते, कारण बातम्यांचे मथळे इथे फार घोळ घालतात. या हृदयात जिवंत पेशी नव्हत्या. तेल अवीव विद्यापीठाच्या ताल द्वीर यांच्या गटाने २०१९ मध्ये माणसाच्या पेशींपासून छापलं ते वेगळं हृदय. ते सशाच्या हृदयाएवढं होतं, त्यातल्या पेशी आकुंचन पावत होत्या, पण सगळ्या मिळून रक्त पंप करत नव्हत्या. प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवून वाट पाहणाऱ्या घरात ‘हृदय छापलं’ असा मथळा वाचला जातो तेव्हा हा फरक सांगितलेला असलाच पाहिजे. सरावाच्या मॉडेलला जिवंत असण्याची गरज नाही. त्याला हाताला खरं लागायला हवं.

आणि तेच सगळ्यात कठीण आहे. आमच्याकडे चाचणी साधी असते: जेलच्या पट्टीला टाका घालायचा, पट्टीचं दुसरं टोक पकडीत धरायचं आणि धागा सावकाश ओढत बल मोजत जायचं. अल्जिनेट बराच वेळ तग धरतं आणि मग टाक्याच्या भोकापासून एकदम चिरत जातं. हृदयाचा स्नायू असा चिरत नाही, कारण त्यात तंतूंना दिशा असते, भोवती कोलॅजेनचं जाळं असतं. शिवाय अल्जिनेट सलाइनमध्ये ठेवलं तर सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि मॉडेल हळूहळू मऊ पडतं. म्हणजे सकाळी घातलेला टाका आणि संध्याकाळी घातलेला टाका हाताला सारखा लागेलच असं नाही.

म्हणून इतरांनी वेगळे पदार्थ निवडले. रोचेस्टर विद्यापीठात अहमद गाझी यांच्या गटाने साचे थ्रीडी प्रिंटरवर काढले आणि त्यात पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) हायड्रोजेल ओतून रुग्णाच्याच गाठीसकट मूत्रपिंड तयार केलं. पीव्हीए जितक्या वेळा गोठवून वितळवावं तितकं कडक होतं, त्यामुळे प्रत्येक भागाचा कडकपणा ठरवता येतो. कापलं की ‘रक्त’ही येतं. मिनेसोटा विद्यापीठात मायकल मॅकअल्पाइन यांच्या गटाने आधी रुग्णांच्या प्रोस्टेटच्या ऊतींचे नमुने तपासले, मग त्या मोजमापांना जुळणारी सिलिकॉनची शाई बनवली. पुढे २०२० मध्ये त्यांनी महाधमनीच्या मुळाचं मॉडेल केलं, आत दाब मोजणारे सेन्सर छापून. कॅथेटरने (रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने) झडप बसवताना ती मोठी पडली तर हृदयाच्या विद्युतमार्गावर दाब येतो. तो कुठे किती येईल हे आधी पाहता यावं, हा हेतू.

माझ्या मते मिनेसोटाचा क्रम बरोबर आहे: आधी मोजा, मग छापा. प्रिंटर आज बऱ्याच प्रयोगशाळांत आहेत. आजारी ऊती किती ताणते, कुठे फाटते, याची मोजमापं मात्र कमी आहेत.

त्यामुळे तुम्ही इंजिनिअरिंगला असाल तर प्रिंटर चालवायला शिकण्याआधी रिऑलॉजी (पदार्थ कसे वाहतात आणि आकार बदलतात याचं शास्त्र) आणि पदार्थांचं यांत्रिकी नीट शिका. सीटीच्या चकत्यांवरून अवयवाची कडा हाताने वेगळी काढायचा सराव करा. ‘थ्रीडी स्लायसर’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आणि एखाद्या सर्जनच्या परवानगीने ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहायला मिळालं तर पडद्याकडे कमी आणि त्यांच्या हातांकडे जास्त बघा.